कोयना केबल

"चावलं बघ परत," आई म्हणाली आणि तिनं हात झटकला.

मी सोफ्यावर पाय घेऊन पेपर वाचत होते. आईनं नुकतीच हॉलची फरशी पुसली होती. गालिचा गुंडाळून भिंतीला लावला होता आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून ती अप्पांच्या अँप्लिफायरवरची धूळ फडक्यानं पुसत होती.

"काय चावलं?"

"हे काय." तिनं अँप्लिफायरकडे बोट केलं. "रोज चावतं. पार कोपरापर्यंत मुंग्या येतात. आज जरा जास्तच."

"रोज? कधीपासून?"

"ती नवी केबल आली ना, कोयना का काय, तेव्हापासून. यांना सांगितलं तर म्हणतात, तुझा भास आहे."

माझं डोकं तिथंच फिरलं. माझी आई काही कुरकुरणारी बाई नाही. अंगात ताप असला तरी कणीक भिजवायला उभी राहायची आणि कुणी विचारलं तर 'कसकस आहे जराशी' म्हणायची. ती 'जास्त' म्हणतेय म्हणजे काय समजायचं ते मी समजले. उठले, तिच्याशेजारी जाऊन उभी राहिले आणि अँप्लिफायरच्या कडेला बोटं टेकवली. सणकन मनगटापर्यंत कळ गेली. मी बोंबलले म्हटलं तरी चालेल.

"बघ," आई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर चक्क समाधान होतं. मला शॉक बसल्याचं नाही, तर आपल्याला भास होत नाही याचं.

मी फळीवरचा टेस्टर आणला. अँप्लिफायरच्या पत्र्याला लावला तर टेस्टरमधला दिवा लागला. मी भिंतीवरचं बटण बंद केलं आणि केबल उपटून टीपॉयवर ठेवली. आता ही केबल या घरात राहणार नाही, असं आईला सांगितलं. आईनं फडकं झटकलं आणि म्हणाली, "तू सांगून बघ."

हे सगळं आमच्या सांगलीच्या घरातलं, विश्रामबागेतलं. माझं लग्न होऊन मी पुण्यात होते, कॉलेजात शिकवत होते, आणि सहामाहीच्या परीक्षा संपल्या म्हणून आठवडाभर माहेरी आले होते. अप्पा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीत असताना त्यांना कसलंही व्यसन नव्हतं, ते निवृत्तीनंतर लागलं. आधी रेकॉर्ड प्लेअर आला, मग अँप्लिफायर, मग माणसाएवढे दोन स्पीकर. एवढं झाल्यावर खरं तर गाणी ऐकायला हरकत नव्हती. पण त्याच सुमाराला दिगंबरकाका तारळेकर अप्पांच्या बैठकीत आले आणि गाणं मागं पडून केबल पुढं आली.

दिगंबरकाका अप्पांच्याच खात्यातले. त्यांचं म्हणणं असं की यंत्र कितीही चांगलं असलं तरी त्याला भिंतीतून वीज नेणारी केबल जर हलकी असेल तर सगळं मातीमोल. ते स्वतः घरी बसून तारा वेणीसारख्या विणून केबली करायचे आणि जन्मभर धरणांवर नोकरी केल्यामुळं त्यांना नद्यांची नावं द्यायचे. कृष्णा, वारणा, कोयना. माणसं मुलींची नावं ठेवताना इतका विचार करत नाहीत. दर रविवारी सकाळी आमच्या हॉलमध्ये बैठक भरायची. अप्पा, दिगंबरकाका, दातांचे डॉक्टर सोवनी आणि पाइपांचं दुकान असलेले मगदूम. एक केबल लावायची, डोळे मिटून रेकॉर्डची एक बाजू ऐकायची, मग केबल बदलून तीच बाजू पुन्हा ऐकायची, आणि मग प्रत्येकानं काय ऐकू आलं ते सांगायचं. बैठकीचा नियम एकच होता आणि तो अप्पांनीच घातलेला: ज्याला जे जाणवलं ते त्याला जाणवलं. कुणी कुणाला 'भास झाला' म्हणायचं नाही.

अप्पा फिरून आले. बाहेर चपला काढल्या, पाय धुतले आणि हॉलच्या दाराशी ठेवलेल्या जाड निळ्या रबरी सपाता पायात सरकवल्या. या सपाता मला नव्या होत्या. लहानपणी मी चुकून चपलेसकट उंबरा ओलांडला की 'ही धर्मशाळा आहे का?' म्हणून ओरडणारे अप्पा आता घरात सपाता घालून फिरत होते. मी आले त्याच दिवशी त्यावरून त्यांना चिडवलं होतं. टाच दुखते, म्हणाले होते. आत जेवायला येताना मात्र सपाता दारातच सोडायचे, आत देव आहेत म्हणून.

टीपॉयवरची केबल दिसताच ते थबकले.

"हिला कुणी हात लावला?"

"मी. अप्पा, तुमच्या अँप्लिफायरला शॉक येतो. आईला रोज बसतो. आत्ता मलाही बसला."

"काहीतरी बोलू नकोस."

"टेस्टर लागतो त्याला. दाखवू?"

"टेस्टर कशानंही लागतो. घराचं वायरिंग जुनं आहे." त्यांनी केबल उचलली, हातानं पुसली, पुन्हा लावली, बटण चालू केलं आणि अख्खा पंजा अँप्लिफायरवर ठेवला. "हे बघ. काही होतंय मला? उगाच आईच्या नादी लागून काहीतरी डोक्यात घेतेस."

हात तसाच ठेवून ते माझ्याकडे बघत राहिले. मला तर आत्ताच कळ आली होती, बोटं अजून बधिर होती.

"मग आम्हाला दोघींना काय झालं?"

"ओले हात असतील. हेमांगी, उद्या सगळे यायचेत. उद्या तिन्हींतली एक केबल कायमची ठरवायची आहे. जी ठरेल ती प्लेअरलाही लावायची आणि दिगंबर इतरांनाही तसलीच करून देणार. तेवढं पार पडू दे. मग बघू तुमचं काय ते."

"आणि तोवर आईनं काय करायचं?"

"पुसू नये एक दिवस. कोण म्हणतंय पूस म्हणून?"

कोण म्हणतंय! त्या यंत्रावर बोटाएवढी धूळ दिसली तरी हाक कुणाला मारायचे ते? मी बोलायला तोंड उघडलं, तर आईनं मला आतून हाक मारली. आत गेले तर म्हणाली, "राहू दे. उद्या लोक यायचेत." मी म्हटलं, लोक यायचेत तेच बरंय.

रविवारी सकाळी गालिचा पुन्हा पसरला. त्यावर खुर्च्या मांडल्या. डॉक्टर सोवनी आले, मगदूम आले, आणि शेवटी दिगंबरकाका. सगळ्यांनी चपला बाहेर काढल्या, पण मोजे तसेच. अप्पांच्या पायात सपाता. मी मागच्या खुर्चीवर बसले. अप्पांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

आधी कृष्णा लागली. ही म्हणे साधी, बाजारातल्या तारेची. जुन्या ठुमरीची रेकॉर्ड होती. बाईंच्या आवाजाच्या मागं सारखी एक बारीक 'घूंऽ' ऐकू येत होती, बंद खोलीत फ्रिज चालल्यावर येते तशी.

"बाजारू आहे," दिगंबरकाका म्हणाले. "ही घूं ऐका. सगळ्या सुरांना चिखल लागलाय."

मग वारणा लागली. मी कान देऊन ऐकलं. तीच ठुमरी, तीच घूं. पण डॉक्टर सोवनी डोळे मिटून मान डोलवत होते.

"तंबोरा आता बाईंच्या डाव्या हाताला सरकला," ते म्हणाले.

"खर्ज मऊ झाला," मगदूम म्हणाले. "लोण्यात सुरी घालावी तसा."

"मला बाईंनी श्वास घेतलेला ऐकू आला," अप्पा म्हणाले.

कुणी हसलं नाही. कुणी म्हणालं नाही की तंबोरा कसा सरकेल, तो मेल्या बाईंच्या रेकॉर्डमध्ये कधीचा गोठलाय. नियमच होता ना.

मग कोयना लागली. आणि मी खोटं सांगणार नाही, घूं गेली. पार गेली. बाईंचा आवाज रिकाम्या देवळात यावा तसा आला. मलासुद्धा क्षणभर छान वाटलं आणि त्याचाच मला जास्त राग आला. या तिघींमध्ये खरा फरक पडला तो हिच्यानंच, आणि नेमकी हीच चावत होती.

ठुमरी संपली. अप्पांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"कसं केलंत हो हे?" मगदूमांनी विचारलं.

दिगंबरकाका याच प्रश्नाची वाट बघत होते. "सोपं आहे. हिच्यात अर्थिंगची तार घातलेलीच नाही. घूं येते ती त्या तारेतून. प्लेअरची आणि अँप्लिफायरची अर्थिंग एकमेकींशी भांडतात आणि ती भांडणं आपल्याला ऐकू येतात. मी एकीला घराबाहेर काढली. झालं, घर शांत."

सगळे मनापासून हसले. मी ताडकन उभी राहिले.

"म्हणून शॉक बसतोय!"

"हेमांगी," अप्पा म्हणाले.

"काका, अर्थिंगची तार काय सुरांसाठी असते? यंत्राच्या अंगात वीज उतरली तर ती जमिनीत जावी म्हणून असते. तुम्ही ती काढलीत, आता ती आईच्या अंगातून जाते. रोज!"

"अगं बाळ, एवढ्यानं काही होत नसतं," दिगंबरकाका हसत म्हणाले. "आज महिना झाला इथं लावलेली आहे. साहेबांना काही झालंय का?"

तेवढ्यात आई पोह्यांचा ट्रे घेऊन आली. माझा आवाज आत गेलाच असणार. तिनं ट्रे टीपॉयवर ठेवला आणि गालिच्याच्या कडेला, फरशीवर उभी राहिली.

"आईलाही विचारा," मी म्हटलं. "प्रत्येकानं सांगायचं असतं ना?"

"अवश्य, अवश्य," डॉक्टर सोवनी म्हणाले. "वहिनी, तुम्हाला काय जाणवलं कोयनेत?"

"मला गाण्यातलं काही कळत नाही," आई म्हणाली. "मला ती चावते."

हॉलभर हशा पिकला. मगदूमांना ठसकाच लागला.

"वहिनी, संगीताला कान लावायचा असतो, हात नाही," डॉक्टर म्हणाले.

"नायलॉनच्या साडीनं होतं तसं," दिगंबरकाकांनी समजावलं.

"सुती आहे," आई म्हणाली. "कायम सुतीच असते."

"कुमुद, तू आत जा बघू," अप्पा म्हणाले. "भास होतात तुला, आणि चार लोकांत..."

मला तिथून पुढचं सावरता आलं नाही आणि सावरायचंही नव्हतं. "भास? तंबोरा डावीकडं सरकला तो भास नाही. खर्जाचं लोणी झालं तो भास नाही. जे कुणाच्या बापालाही दाखवता येणार नाही ते सगळं खरं, कारण तुम्ही चौघांनी ऐकलं. आणि टेस्टर लागतोय, माझ्या हाताला कळ आली, तरी आईचा भास! नियम कुणी घातला होता अप्पा? कुणी कुणाला भास झाला म्हणायचं नाही. का तो फक्त खुर्चीवर बसलेल्यांसाठी आहे?"

"आवाज खाली," अप्पा म्हणाले. "लोकांसमोर तमाशा नकोय मला."

"मी काढते ती केबल. आत्ता काढते."

"हात लावायचा नाही तिला!"

अप्पा इतक्या जोरात ओरडले की मगदूम खुर्चीतच दचकले. मी पुढं झाले. पण दिगंबरकाका मधे आले, दोन्ही हात वर करून, भांडण सोडवायला यावं तसे.

"थांबा, थांबा. बाळ, माझी केबल आहे, माझ्यावर शंका आहे तर मीच दाखवतो ना." ते गालिच्यावरून अँप्लिफायरपाशी गेले आणि त्यांनी पंजा त्याच्यावर ठेवला. मोज्यातले पाय, खाली जाडजूड गालिचा. "हे बघा. काही नाही. वहिनी, बघताय ना? गार पत्रा आहे नुसता."

"तिथं नाही," आई म्हणाली. ती ओरडली नाही. तिनं वाकून गालिच्याचं टोक धरलं आणि मागं सारलं. "इथं या. फरशीवर. मी उभी राहते तिथं. आणि मोजे काढा."

"काढतो की," दिगंबरकाका म्हणाले. माणूस मूर्ख असेल, पण खोटा नव्हता. आपण विणलेली कोयना कुणाला चावेल यावर त्याचा विश्वासच नव्हता. त्यांनी खुर्चीचा आधार घेऊन मोजे काढले, फरशीवर उतरले. फरशी सकाळची पुसलेली, कडेनं अजून ओलसर होती. त्यांनी हात पुढं केला.

"दिगंबर, नको!"

अप्पा खुर्ची पाडून उठले होते. दोन ढांगांत त्यांनी दिगंबरकाकांचं मनगट पकडलं आणि मागं ओढलं. इतकं कचकन ओढलं की काका भेलकांडले.

रेकॉर्ड संपून नुसती फिरत होती. कोयना लावलेली असल्यामुळं घूंसुद्धा येत नव्हती.

"साहेब?" दिगंबरकाका म्हणाले. आपलं मनगट ते चोळत होते. "साहेब, तुम्हाला माहीत होतं?"

अप्पांनी पडलेली खुर्ची उचलून सरळ केली.

"मला आधी का नाही सांगितलंत? मी मगदूमांना असलीच करून देणार होतो. त्यांच्या घरी लहान पोरं आहेत."

"थोडंसंच लागतं," अप्पा म्हणाले. "फार नाही. आणि तू ऐकलंस ना... तुम्ही सगळ्यांनी ऐकलंत ना कसा आवाज होता तो?"

असं म्हणाले ते. आवाज कसा होता. मी आजही हे वाक्य कुणाला सांगायला गेले की माझे कान तापतात.

आई अप्पांच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती. ती त्यांच्या पायांकडे बघत होती.

"टाच हॉलमध्येच दुखते होय हो?" तिनं विचारलं.

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय. मग कळलं. निळ्या रबरी सपाता. जन्मात घरात पायात काही न घालणारे अप्पा. दारापाशी काढून ठेवलेल्या, आत देवांचं निमित्त. आदल्या दिवशी माझ्यासमोर अँप्लिफायरवर अख्खा पंजा ठेवून 'मला काही होतंय?' म्हणून विचारणारे अप्पा, त्या सपातांवर उभे राहून.

"तुम्हालाही बसला होता," आई म्हणाली. "केबल आली तेव्हाच बसला असणार. म्हणून आणल्यात."

"कुमुद, आपण नंतर..."

"मी सांगत होते तेव्हा तुम्ही त्या घालून बसला होतात."

"अगं, मला वाटलं..."

"त्यांना नको म्हणालात," तिनं दिगंबरकाकांकडे हात केला. "लगेच म्हणालात. मला महिनाभर पुसू दिलंत."

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली पाहिलं. मला वाटलं आता तरी ते माफी मागतील. ते वाकून गालिच्याचं टोक सरळ करायला लागले.

"केबल नव्हती काढायची तर नसती काढली," आई म्हणाली. "गाणं आवडतं तुम्हाला, मला माहिताय. पण दुकानात गेला होतात ना? माझ्या मापाच्या नव्हत्या मिळत?"

एवढं बोलून तिनं पोह्यांचा ट्रे उचलला आणि आत नेला. कुणालाच दिला नाही. इतक्या वर्षांत आमच्या घरातून पाहुणे उपाशी गेले ते त्याच दिवशी.

मगदूम आणि डॉक्टर चपला शोधत निघून गेले. दिगंबरकाकांनी बटण बंद केलं, कोयना काढली आणि तिथंच फरशीवर बसून स्वयंपाकघरातून मागून घेतलेल्या कात्रीनं तिचे तुकडे केले. तार जाड होती, कात्री चालत नव्हती, तरी ते करत राहिले. मग आतल्या दाराशी जाऊन बाहेरूनच म्हणाले, "वहिनी, मला माहीत नव्हतं." आई आतून म्हणाली, "मला ठाऊक आहे भावजी." दिगंबरकाका रडत रडत गेले. त्यांच्यावरचा माझा राग तेवढ्यापुरता संपला. अप्पांवरचा संपला नाही.

मी त्याच दिवशी आईला पुण्याला चल म्हटलं. बॅग भरायला घेतली. ती म्हणाली, "कशाला? आता नाही चावत ती." मी तिच्यावरही भडकले. एवढं होऊनही तू इथंच राहणार का, म्हणून ओरडले. तिनं मला पोहे वाढले आणि म्हणाली, "खा. थंड झालेत."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अप्पा पेठेतून आले ते हातात पिशवी घेऊन. पिशवीतून सपाता काढल्या, बायकांच्या, मरून रंगाच्या, आणि हॉलच्या दाराशी आपल्या निळ्या जोडाशेजारी नीट जोडून ठेवल्या. आईला हाक मारली नाही. तिनं त्या पाहिल्या, पण पायात घातल्या नाहीत. सकाळी फरशी पुसताना अप्पांच्या उचलून बाजूला ठेवायची, आपल्या उचलून बाजूला ठेवायची, पुसून झालं की दोन्ही जोड जागच्या जागी. मात्र अँप्लिफायरला तिनं पुन्हा कधी फडकं लावलं नाही. त्याच्यावर धूळ चढत गेली आणि अप्पांनी कधी तिला हाक मारली नाही. बैठक बंद झाली. अप्पा पुढं बरीच वर्षं एकटेच, कृष्णा लावून, त्या घूंसकट ठुमरी ऐकत बसायचे. टाच पुन्हा कधी दुखली नाही.

ते गेले तेव्हा डॉक्टर सोवनी भेटायला आले होते. "काय कान होते साहेबांचे," म्हणाले. मी उठून आत गेले. तिथं थांबले असते तर काही बोलले असते, आणि आईला सुतकात तमाशा नको होता.

तेराव्यानंतर आम्ही घर आवरत होतो. अँप्लिफायर आणि स्पीकर कुणीतरी येऊन घेऊन गेलं. निळ्या सपाता मी कचऱ्यात टाकल्या. मरून जोड उचलला तर तळाला दुकानाचा कागद तसाच चिकटलेला होता. तोही टाकायला निघाले. आई फरशी पुसत होती, अनवाणीच. तिनं ओला हात पुढं करून तो माझ्याकडून घेतला, पुन्हा दाराशी ठेवला.

"राहू दे," ती म्हणाली. "माप अगदी बरोबर आणलंय. विचारावं लागलं नव्हतं त्यांना."